धडक झाली की आधी चेंडू बघा: सॉफ्टबॉलच्या नव्या पंचांसाठी

पंच म्हणून माझं पहिलंच वर्ष होतं. शाळकरी मुलींचा सामना, दुसऱ्या बेसवर रनर. बॅटरने जमिनीलगत फटका मारला, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी असणारी फिल्डर) चेंडू अडवायला पुढे आली आणि तिसऱ्या बेसकडे निघालेली मुलगी तिच्यावर आदळून पडली. चेंडू मागे निघून गेला. मला दिसली ती फक्त पडलेली, गुडघे खरचटलेली मुलगी. मी ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे फिल्डरने रनरची वाट अडवली असं, देऊन तिला तिसरा बेस दिला.

निर्णय साफ उलटा होता. तो इंटरफिअरन्स, म्हणजे रनरने फिल्डरला केलेला अडथळा, होता: रनर आऊट, बॅटरला पहिला बेस. शॉर्टस्टॉपच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला अजून आठवतं.

मी चुकलो कारण मी धडक बघितली. बघायला हवं होतं ते एवढंच, की त्या क्षणी चेंडू कुठून येतोय. बॅटवरून आलेला चेंडू अडवणाऱ्या फिल्डरचा त्या जागेवर पहिला हक्क असतो. रनरने मागून वळसा घालावा किंवा थांबावं. फिल्डरला टाळण्यासाठी वाट सोडली म्हणून ती आऊट होत नाही. धक्का मुद्दाम दिला का, हे इथे विचारायचंच नाही. मात्र हा हक्क एकाच फिल्डरला मिळतो. दोघी धावल्या तर कोणाचा, हे पंचाने ठरवायचं.

चेंडू कोणीतरी फेकलेला असेल तर हक्क रनरकडे जातो. फिल्डरने हातात चेंडू नसताना तिची वाट अडवली की ऑब्स्ट्रक्शन. ‘सर, बॉल येतच होता’ हे उत्तर चालत नाही. चेंडू नसताना खोटा टॅग (रनरला चेंडूने शिवून आऊट करणं) दाखवणं हेही ऑब्स्ट्रक्शनच. उलट, धावता धावता फेकलेला चेंडू रनरच्या पाठीला लागला, तर तिने तो हेतूने अडवल्याशिवाय इंटरफिअरन्स होत नाही.

ऑब्स्ट्रक्शनमध्येही हेतू लागत नाही. 26 ऑक्टोबर 2013 ला वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना यावरच संपला. तो बेसबॉलचा, पण तर्क तोच. कॅचरचा थ्रो हुकला, बोस्टनचा विल मिडलब्रूक्स तिसऱ्या बेसजवळ आडवा पडलेला, आणि सेंट लुईसचा अ‍ॅलन क्रेग त्याच्यावर अडखळला. होमवर, म्हणजे धाव पूर्ण होते तिथे, तो उशिरा पोचला, टॅगही झाला, तरी पंचांनी सेफ दिलं आणि सेंट लुईस 5-4 ने जिंकलं.

नव्या पंचांकडून सर्वांत जास्त निसटतं ते पहिल्या बेसवर. चेंडू आउटफिल्डमध्ये गेलेला असतो, सगळे तिकडे बघत असतात. फर्स्ट बेसची मुलगीही तिकडेच बघत बेसच्या आतल्या कोपऱ्यावर उभी असते आणि वळण घेणाऱ्या रनरला दोन पावलं बाहेरून जावं लागतं. धक्का लागत नाही, कोणी ओरडत नाही, पण ते ऑब्स्ट्रक्शन असतं. चेंडूच्या मागे नजर पळवू नका. तो कोणाकडे चाललाय एवढं बघून लगेच बेसवर या.

आणि तिथे ‘डेड बॉल’ (खेळ थांबला) ओरडायची घाई करू नका. मी एकदा केली आणि सहज तिसऱ्यापर्यंत जाणारी मुलगी दुसऱ्यावरच थांबली. डावा हात आडवा धरा, खेळ चालू द्या. अडवलेली रनर त्या दोन बेसच्या मध्येच टॅग झाली तर मात्र तिथेच चेंडू डेड. अडथळा नसता तर ती कुठपर्यंत पोचली असती, ते ठरवून बेस द्या. इंटरफिअरन्समध्ये उलट: तत्क्षणी डेड बॉल, बाकीच्या रनर त्या वेळी गाठलेल्या शेवटच्या बेसवर परत.

आता सामन्याआधी, फक्की मारून झाली की मी दुसऱ्या ते तिसऱ्या बेसपर्यंतचे 60 फूट एकदा चालून बघतो. शॉर्टस्टॉप जिथे वाट कापेल तिथे क्षणभर थांबतो, आणि मग नाणेफेकीला जातो.