‘फेड अप’ केव्हा म्हणावे आणि कसे म्हणावे

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४० अंशांपुढे गेला की नवी पेठेतल्या दुकानांपासून एस. टी. स्थानकापर्यंत ‘मी तर फेडअप झालोय’ हे वाक्य हटकून ऐकू येते. मराठी बोलण्यात ते सहज खपून जाते, पण हीच तक्रार पूर्ण इंग्रजी वाक्यात मांडायची वेळ आली की आपण नेमके कुठे चुकतो, ते पाहू.

इंग्रजीत ‘फीड’ म्हणजे खाऊ घालणे आणि ‘फेड’ हे त्याचेच रूप. त्यामुळे ‘फेड अप’चा मूळ अर्थ गळ्यापर्यंत खाऊ घातलेला, असा आहे. मराठीतला ‘वीट येणे’ हा वाक्प्रचारही आपण खाण्याच्या बाबतीत वापरतोच. (शेंगाचटणीचा वीट आलेला सोलापूरकर मला अद्याप भेटलेला नाही, हा भाग वेगळा.) म्हणून वापरण्याआधी एकच कसोटी लावावी: मराठीत ‘वीट आला’ हे शब्द बसतात का? नळाला चार-चार दिवसांनी पाणी येते आणि हे वर्षानुवर्षे चालले आहे, तेथे ते बसतात, म्हणून ‘फेड अप’ही बसते. आज पहिल्यांदाच कोणी धक्का देऊन पुढे गेला, तर तो राग आहे, वीट नव्हे. तेथे ‘अँग्री’ किंवा ‘अनॉइड’ म्हणावे.

खरी अडचण वाक्यरचनेची आहे. ‘आय फेड अप’ हे वाक्य चूक आहे, कारण येथे खाऊ घालणारे आपण नसून खाऊ घातले गेलेले आपण आहोत. ‘आय अ‍ॅम फेड अप’ असेच म्हणावे लागते. कशाचा वीट आला, हे सांगताना पुढे ‘विथ’ जोडावे: ‘आय अ‍ॅम फेड अप विथ धिस हीट.’ आपण ‘उकाड्याचा कंटाळा आला’ असे म्हणतो आणि त्या ‘चा’मुळे आपल्या तोंडी ‘ऑफ’ येते. ब्रिटनमध्येही बोलताना अनेक जण ‘फेड अप ऑफ’ म्हणतात, पण लेखनात ‘विथ’च निर्धोक. ‘वाट पाहून कंटाळलो’ या वाक्यातल्या ‘पाहून’साठी ‘बाय वेटिंग’ किंवा ‘टू वेट’ असे काही न करता ‘फेड अप विथ वेटिंग’ म्हणावे. जोर द्यायचा असेल तर ‘रिअली’ किंवा ‘कम्प्लीटली’ हे शब्द आधी घालावेत.

उच्चारात एक मेख आहे. देवनागरीत ‘फेड’ लिहिले की आपण त्यातला ‘ए’ लांबवतो आणि ऐकणाऱ्याला ‘रंग उडणे’ या अर्थाचा वेगळाच इंग्रजी शब्द ऐकू येतो. हा ‘ए’ ऱ्हस्व आहे. कन्नड आणि तेलुगू भाषांत ऱ्हस्व व दीर्घ ‘ए’ वेगळे असतात, म्हणून ज्यांच्या घरी या भाषा बोलल्या जातात त्या सोलापूरकरांना हा शब्द शिकवावा लागत नाही; मराठी घरातल्यांनी शेजाऱ्याकडून ऐकून घ्यावा. नवस फेडण्याशी मात्र त्याचा काही संबंध नाही.

हा बोलीतला शब्द आहे, मित्राशी किंवा सहकाऱ्याशी बोलताना शोभणारा. ‘आय अ‍ॅम फेड अप विथ यू’ हे वाक्य माणसाच्या तोंडावर म्हटले तर ते भांडणच ठरते, म्हणून रोख शक्यतो परिस्थितीवर ठेवावा. लेखी अर्जात तर तो नकोच. तेथे ‘आय वुड लाइक टू कम्प्लेन अबाउट’ असा आरंभ करून पुढे तारीख, वेळ आणि काय घडले ते लिहावे. ‘कम्प्लेन’ हे क्रियापद आणि ‘कम्प्लेंट’ हे नाम असल्यामुळे ‘आय वॉन्ट टू कम्प्लेंट’ असे लिहू नये.