पाण्यापलीकडचं उपकेंद्र : कोयनेच्या फुगवट्यात पहिली नेमणूक मिळालेल्या सिस्टरांसाठी

नेमणुकीचा आदेश हातात आला तेव्हा मी गावाच्या आधी तालुका वाचला. महाबळेश्वर. घरात पेढे वाटले, भावानं स्ट्रॉबेरीची ऑर्डरही देऊन टाकली. संध्याकाळी ओळखीतल्या एका जुन्या आरोग्यसेविका ताईंना फोन केला, तर त्यांनी एकच विचारलं, "अलीकडं का पलीकडं?" मला प्रश्नच कळला नाही.

अलीकडं-पलीकडं म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याच्या. धरणाची भिंत तिकडं खाली पाटण तालुक्यात, पण पाणी दरीदरीनं मागं शिरत जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांपर्यंत आलेलं. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्या तापोळा-बामणोलीच्या परिसरात त्यात हरवून जातात. कांदाटी खोऱ्यातल्या गावांच्या मागं सह्याद्रीची भिंत, तिच्यापलीकडं कोकण, आणि पुढ्यात पाणी. नकाशावर हे बेट नाही. पण जुलैमध्ये रात्री नऊ वाजता कुणाच्या पोटात दुखायला लागलं की नकाशा काय म्हणतो याला अर्थ उरत नाही. रस्ते होतायत, पुलांची कामं चालली आहेत, म्हणून पुढं कदाचित हे सगळं जुनं वाटेल. माझी वर्षं मात्र लाँचवर गेली. तुमचीही सुरुवात तिथंच होईल असं धरून लिहिते.

मी सांगली जिल्ह्यातली, कृष्णाकाठची. पाण्याचं भय आमच्या अंगात आहे. ८ ऑगस्ट २०१९ ला महापुरात ब्रह्मनाळला माणसांनी गच्च भरलेली बोट उलटली. ते गाव आमच्यापासून लांब नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी घाटावर लाँचमध्ये दुधाचे कॅन, दोन शेळ्या, सिमेंटची पोती आणि वीसेक माणसं बघून माझे पाय जागेवरच रुतले. लाँचवाले मामा हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "सिस्टर, भ्या वाटतंय तंवर बरं हाय. भ्या ग्येलं की माणूस चुकतं." लाँचवर लाइफ जॅकेट मी आजतागायत घालते. गावकरी घालत नाहीत, गर्मीचं कारण सांगतात. तुम्ही घाला. कुणी काही म्हणत नाही, आणि महिन्याभरानं दोन-चार पोरी तुमचं बघून घालायला लागतात. त्या पोरी आपल्यापेक्षा सराईत असतात, ही गोष्ट वेगळी. जावळीतल्या खिरखिंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडून पुढं जंगलातून शाळेला जातात, अशी बातमी २०२२ मध्ये आली आणि उच्च न्यायालयानं स्वतःहून तिची दखल घेतली. बाहेरच्यांना तेव्हा धक्का बसला, पण इकडं ते रोजचंच होतं.

पहिली गोष्ट शिकायची ती वारा. सकाळी पाणी आरशासारखं असतं. दुपार कलली की वारा सुटतो, लाटा उठतात आणि लाँच आडवी हलायला लागते. म्हणून पलीकडच्या वाडीतलं काम सकाळी उरकायचं आणि परतीची वेळ लाँचवाल्याला विचारून ठरवायची. आपल्या दौऱ्याच्या कागदावर काय छापलंय ते वाऱ्याला ठाऊक नसतं. मी सुरुवातीला एकदा हट्टानं चार वाजता निघायला लावलं होतं. मामा निघाले, पण वाटेत एक शब्द बोलले नाहीत. तीरावर उतरल्यावर म्हणाले, "पुन्यांदा नगं." तिथून पुढं वेळ त्यांची.

दुसरी गोष्ट पाण्याची पातळी. धरण भरलं की पाणी २१६३ फुटांवर असतं आणि लाँच जवळजवळ गावाच्या पायरीला लागते. हिवाळा संपेतो पाणी उतरायला लागतं, कारण ते पश्चिमेकडं बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरांकडं जात असतं. कोयना प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता १९६० मेगावॉट आहे, हे मी उपकेंद्रात मेणबत्तीच्या उजेडात रजिस्टर भरताना कितीदा तरी आठवलंय. एप्रिल-मेमध्ये काठ इतका खाली जातो की लाँचपासून गावापर्यंत गाळातून चढण चढावी लागते. वरून सुकलेला दिसणारा तो गाळ आत गुडघाभर ओला असतो. चप्पल त्यात गेली की गेली. माझ्या तीन गेल्या. गावकरी उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर करतात. त्यांच्या बांधावरनं चाला, पिकातनं नको.

गंमत अशी की आमच्याकडं सांगलीत लोक पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी बघून जगतात. ४० फूट इशारा, ४५ धोका. आणि ते पाणी किती वाढणार हे बरंचसं कोयनेतून किती सोडतात यावर. जुलैत आईचा फोन यायचा तो "जेवलीस का" यानं सुरूच व्हायचा नाही. "तुमच्याकडं किती फूट झालं गं?" मी सांगायची आणि ती तिकडं शेजारणीला सांगायची, जणू धरणाचा दरवाजा मीच उचलणार होते.

आता कामाचं.

डोंगरी भागात उपकेंद्राला साधारण ३००० लोकसंख्येचा निकष आहे, सपाटीवर ५०००. कागदावर कमी वाटतं. इथं ती माणसं वाड्या-वाड्यांत विखुरलेली, मध्ये पाणी नाहीतर जंगल. त्यात निम्मे तरुण मुंबई-नवी मुंबईत. घरी म्हातारी माणसं आणि बाळंतपणाला आलेल्या मुली. शिमग्याला आणि गणपतीला गाव एकदम दुप्पट होतं, तेव्हा लसीकरणातून सुटलेली मुंबईची पोरंही सापडतात. सणाच्या आदल्या आठवड्यात आशाताईंकडून घरोघरचे पाहुणे विचारून ठेवा.

लसीकरणाच्या दिवशी लस अलीकडच्या घाटावर येते, तिथून लाँचनं आपल्याकडं. कॅरियर, म्हणजे लसीचा थंड डबा, मांडीवर घ्यायचा, इंजिनाच्या गरम बाजूला ठेवायचा नाही, हे कुणीही सांगेल. मी मार खाल्ला तो उलट्या बाजूनं. पहिल्याच उन्हाळ्यात मला वाटलं, एवढा लांबचा प्रवास, तर आईस पॅक फ्रीजरमधनं काढले तसे दगडासारखे घालावेत. पोहोचल्यावर पेंटाच्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या, बाटल्या हातात घेतल्या तर बाजूला बर्फाचे कण. पेंटा, हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लसी उन्हापेक्षा गोठण्यानं पटकन बाद होतात, हे परीक्षेत मी लिहिलं होतं आणि मार्कही मिळाले होते. त्या दिवशी नऊ बाळं परत पाठवली. एक आजी दोन तास चालून आली होती. तिनं फक्त विचारलं, "मंग कवा येऊ?" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पॅक बाहेर काढून ठेवायचे, घाम सुटला आणि हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच कॅरियरमध्ये. ही दहा-पंधरा मिनिटं लाँच सुटायच्या घाईत सगळ्यात आधी कापली जातात.

बीसीजी (क्षयरोगाची) आणि एमआर (गोवर-रुबेलाची) लस एकदा विरघळवली की चार तासांत संपवायची किंवा टाकायची. म्हणून आधी पोरं जमू द्या, मग बाटली फोडा, फोडल्याची वेळ बाटलीवर लिहा. पण लांबच्या वाडीत एकच बाळ असेल तर त्या एकासाठीही फोडायची, वाया जाईल म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलायचं नाही. पुढच्या महिन्यात वारा असेल, धुकं असेल, नाहीतर ती आई माहेरी असेल.

सगळ्यात मोठं काम एप्रिल-मेमध्ये असतं आणि ते कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं. मी त्याला पावसाळी यादी म्हणते. शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवून जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या सगळ्या बायकांची नावं एका वहीत काढायची. या भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आषाढात दिवसच्या दिवस धुक्यात समोरचा काठ दिसत नाही, लाँच बंद पडते, रस्त्यावर दरड येते. १०८ ची गाडी अलीकडच्या तीरापर्यंत येते, पण पाण्यावर चालत नाही. म्हणून दिवस भरायच्या आधी पंधरा दिवस ती बाई मेढ्याला, साताऱ्याला, महाबळेश्वरला, जिथं कुणी नातलग असेल तिथं पोहोचलेली हवी.

हे सांगायला सोपं आहे. भात लावणीच्या तोंडावर घरातला एक हात कमी होतो, हा खरा अडसर. पहिल्या वर्षी मी सुनेला समजावत बसले, चूक केली. सून कधीचीच तयार असते. बोलायचं सासूशी, आणि तेही ओट्यावर बसून, नाचणी निवडता निवडता. एका सासूबाई म्हणाल्या, "माझी पाच हितंच झाली." मी विचारलं, "पाचीच्या पाची हायती का?" त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी तीन बोटं दाखवली. सून तिसऱ्या दिवशी मेढ्याला मावशीकडं गेली. हा प्रश्न मी पुन्हा कुणाला विचारला नाही. काम झालं तरी तो विचारायचा अधिकार आपल्याला नसतो, असं मला नंतर वाटत राहिलं.

विंचू-सापाचं थोडक्यात. दोरी आवळायची नाही, चिरा मारायचा नाही, पाय हलू द्यायचा नाही, आणि वेळ न घालवता लाँच. मांत्रिकाला विरोध करत तिथं भांडत बसू नका. त्यालाही लाँचमध्ये घ्या. मी घेतलंय. येईपर्यंत तो मंत्र म्हणत होता, मी नाडी बघत होते, आणि माणूस वेळेत पोहोचला.

ऑनलाइन एन्ट्रीचं रडगाणं सगळीकडं आहे, इथं त्याला जागा ठरलेली आहे. आमच्या गावात एक कातळ होता, त्यावर उभं राहिलं की रेंज येते. अनमोल या आपल्या नोंदींच्या अ‍ॅपमध्ये ऑफलाइन भरून ठेवा आणि आठवड्यातून दोनदा कातळावर जा. संध्याकाळी एकटीनं नको. हा सगळा पट्टा कोयना अभयारण्याला लागून आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पही आहे. वाघ मला दिसला नाही. गवा तीनदा दिसला आणि तेवढं पुरे झालं. लाँचच्या डिझेलचे पैसे कुठल्या खात्यातून यावेत यावर वरच्या कचेरीत माझे दोन वर्षं कागद फिरले, शेवटी अर्धे मिळाले. पावत्यांच्या झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा, एवढंच त्यातून शिकले.

राहायचं कसं, हे मुली हमखास विचारतात. क्वार्टरचं छत मेच्या आत बघून घ्या, प्लास्टिक अंथरून घ्या. जूनमध्ये लाकूड, गॅस, रॉकेल, डाळ, मीठ, सॅनिटरी पॅड आणि बीपीच्या गोळ्या, सगळं चार महिन्यांचं भरा. गोळ्या गावातल्या म्हाताऱ्यांच्याही, फक्त आपल्या नव्हे. जळवांसाठी तंबाखू-चुन्याचं पाणी पायाला लावतात. मला मीठ जास्त सोयीचं वाटलं. एकटेपण येतं, विशेषतः ऑगस्टमध्ये, जेव्हा आठ-आठ दिवस ऊन नसतं आणि कपड्यांना कुबट वास लागतो. मी शेजारच्या काकूंकडं नाचणीची भाकरी थापायला शिकले. सपाटीवरच्या ज्वारीच्या हाताला नाचणी दाद देत नाही, गरम पाण्यात उकड काढावी लागते. सव्वा महिना माझ्या भाकरी त्यांची म्हैसच खात होती.

चार्ज घेताना औषधांच्या साठ्याबरोबर तीन गोष्टी मागून घ्या. जुन्या सिस्टरची गर्भवतींची वही, लाँचवाल्याचा आणि त्याच्या घरच्यांचा नंबर, आणि कुठल्या वाडीत कुणाकडं चालू स्थितीतली होडी आहे त्याची माहिती. आणि पहिल्या दिवशी जाल तेव्हा सकाळची लाँच धरा. दुपारच्या लाँचला वारं असतं.