जोडीदाराचा व्हिसा आणि कागदांवरचं वेगवेगळं नाव

मराठीत 'दीपाली' एकच असते. इंग्रजीत शाळेने डबल ई लावलेला असतो, आधारवर एकच आय येतो आणि बँक शेवटच्या आयचं वाय करून मोकळी होते. एवढ्यावरून परदेशातल्या नवऱ्याकडे जायचा व्हिसा सहसा नाकारत नाहीत. नाकारायची वेळ येते ती फरक लपवला तर.

सगळे कागद पुढ्यात घेऊन वहीत तक्ता आखा: कागद, नंबर, तारीख आणि त्यावरचं नाव, अक्षर न अक्षर. प्रमाण पासपोर्टचं. त्याच्या तळाच्या दोन ओळीही वाचा, कारण यंत्र त्याच वाचतं. बाकी कागदांवरचं नाव पासपोर्टशी जुळवून घ्यायचं. पासपोर्टच चुकला असेल तर व्हिसाचा अर्ज भरण्याआधी तो पुन्हा काढून घ्या. सातारा आणि सांगली, दोन्ही पुणे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतात. अर्ज गेल्यावर नाव बदललं की नवा गोंधळ सुरू. लग्न झालं म्हणून पासपोर्टवर सासरचं आडनाव लावलंच पाहिजे, असा नियम नाही. व्हिसा माहेरच्या नावानेही मिळतो.

मग सोपे कागद. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून स्पेलिंग पक्कं करूनच जा. त्यानंतर पॅन आणि बँक.

जन्मदाखला जिथे जन्म झाला तिथला. जत-तासगावच्या कितीतरी मुलींचा जन्म मिरजेच्या दवाखान्यात झालेला असतो. त्यांची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत नाही, महापालिकेत सापडते. जुन्या नोंदीत नावाचा रकाना कोरा असेल तर आधी नाव घालून घ्यावं लागतं. चूक दुरुस्त करताना मूळ नोंद खोडत नाहीत, समासात सही-तारखेनिशी दुरुस्ती लिहितात. विवाह प्रमाणपत्रातली चूक ज्या निबंधकाने नोंद केली त्याच्याकडेच. शाळेचा दाखला मात्र सहसा आहे तसा ठेवावा.

आपल्याकडचे खरे पेच दोन. पहिला, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवं नाव. लग्नपत्रिकेत एक, विवाह प्रमाणपत्रात दुसरं. दुसरा 'पाटील'. शाळेत पाटील, सातबाऱ्यावर माने. हा स्पेलिंगचा फरक नव्हे, नावच वेगळं. इथे नुसतं प्रतिज्ञापत्र लंगडं पडतं. कायम वापरायचं नाव ठरवून ते महाराष्ट्र शासन राजपत्रात छापून घ्या. राजपत्राने जुने दाखले बदलत नाहीत, ते फक्त दोन नावांमधला दुवा ठरतं.

किरकोळ फरकाला 'एकच व्यक्ती' असल्याचं प्रतिज्ञापत्र पुरतं. ते नोटरीकडे किंवा तहसील कार्यालयात कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे करा. टायपिस्टचा ठरलेला मजकूर घेऊ नका. 'माझं नाव काही कागदांवर वेगळं आहे' हे वाक्य निरुपयोगी. तक्ता उतरवा: अमुक नंबरच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर असं, अमुक तारखेच्या विवाह प्रमाणपत्रावर तसं, आणि दोन्ही मीच. प्रत्येक स्पेलिंग इंग्रजी अक्षरांतच हवं. टायपिंग झालं की तिथेच तपासा. सवयीचा हात सगळी स्पेलिंगं सारखी करून टाकतो आणि कागद वाया जातो.

मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्याला पासपोर्टची प्रत द्या, पण मूळ कागदाचं नाव त्याने 'सुधारायचं' नाही. भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क खाली हवाच; ब्रिटन हे स्पष्ट मागतं.

अर्जात 'इतर नावं' हा रकाना असतो. माहेरचं नाव, जुनं आडनाव, वेगळं स्पेलिंग, सगळं तिथे लिहा. नवऱ्याने तिकडून भरलेल्या अर्जातही तेच हवं. खोटी माहिती ठरली तर कॅनडाची बंदी ५ वर्षांची आणि ब्रिटनची १० वर्षांपर्यंत असू शकते.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तोही आधी भरून घ्या. अमेरिकेच्या व्हिसावर अशा वेळी पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) पडतं, आणि पुढे तिथल्या ओळखपत्रांवरही तेच येऊ शकतं.

व्हिसा हातात पडला की तिथल्या तिथे स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा. तिकीट त्यानंतर, पासपोर्टवरच्याच नावाने.