मुद्दा बरोबर, तरी माणसं दूर: हुशार माणसांनी या चुका टाळा

वाशीला माझ्या मावशीच्या सोसायटीत एक काका राहतात. आयुष्यभर बांधकामावर काढलेला इंजिनिअर माणूस. इमारत तीस वर्षांपुढे गेली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे तिच्या मजबुतीची तपासणी, करायचं असतं, हे सोसायटीच्या आदर्श उपविधींत लिहिलेलं आहे. त्यांच्या इमारतीचं मात्र कित्येक वर्षं ते झालंच नव्हतं. काकांनी पुढाकार घेतला, अहवाल करून आणला आणि सप्टेंबरच्या वार्षिक सभेत तासभर मांडला. खांबांतल्या सळया गंजल्यात. छताचं प्लॅस्टर फुगलंय. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या खर्चासाठी साठवायचा निधी) वर्षाला बांधकाम खर्चाच्या ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के असा वेळच्या वेळी जमा झाला असता, तर आज एकदम एवढे पैसे काढायची वेळ आली नसती. अक्षर न् अक्षर खरं. शेवटी ते म्हणाले, “यात चर्चा करण्यासारखं काही नाहीच.”

दुरुस्तीचा ठराव पडला. विरोधात हात वर करणाऱ्यांत माझी मावशीही होती.

“अगं, पण प्लॅस्टर तर तुझ्याच बेडरूमचं पडलंय ना?” मी विचारलं. ती म्हणाली, “ते खरं गं. पण आम्ही काय अगदीच अडाणी आहोत का?”

गेली सतरा वर्षं मी ठाण्याहून ऐरोलीला सॉफ्टवेअरच्या कामाला जाते. त्यातली नऊ वर्षं टीम सांभाळण्यात गेली. काकांसारखी माणसं मला दरवर्षी अप्रेझलच्या दिवसांत भेटतात, फक्त वयाने लहान असतात. कोड उत्तम, हिशोब चोख, आणि तरीही शेजारचा माणूस त्यांच्यासोबत काम करायला नको म्हणतो. त्यांना स्वभाव बदलायला सांगून काही होत नाही. नेमकं कुठे अडतंय ते सांगितलं तर होतं, म्हणून हे लिहिते आहे.

विरोध म्हणजे अज्ञान, असं धरून चालणं

काकांचं निदान असं होतं की लोकांना धोका कळलेला नाही. म्हणून त्यांनी आणखी आकडे दिले. धोका सगळ्यांना कळला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना पेन्शनमधून हप्ता कसा भरायचा याची धास्ती होती. एका घरात मुलीचं लग्न डिसेंबरात होतं. मावशीला भीती होती ती परांची बांधल्यावर सहा महिने खिडक्या बंद ठेवाव्या लागतील याची. तिच्या यजमानांना दम्याचा त्रास आहे. यातलं काहीच सभेत कुणी बोललं नाही, कारण भरसभेत पैशाची अडचण कोण सांगणार? मग ‘कोटेशन एकच का आणलं’ यावर भांडण झालं.

आपल्या मुद्द्याला विचित्र, किरकोळ किंवा दर वेळी वेगळा आक्षेप येत असेल, तर खरा आक्षेप अजून बोललाच गेलेला नाही असं समजा. तिथे आणखी पुरावे देणं थांबवा. सभेच्या आधी, एकेकट्याला, घरी जाऊन विचारा: “यात तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?” आणि जे येईल ते वहीत लिहून घ्या. लगेच उत्तर देऊ नका. हे लगेच उत्तर न देणं हुशार माणसाला फार जड जातं, कारण उत्तर त्याच्याकडे तयार असतं. वाशीच्या काकांनी पुढे हेच केलं. समितीतल्या एका ताईंना सोबत घेऊन तीन रविवार ते घरोघर फिरले. काम आज दोन टप्प्यांत, हप्त्यांनी चालू आहे. अहवालातला एक शब्दही बदलावा लागला नाही.

सगळ्या भावनांना ‘टेन्शन’ म्हणणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या शाखेत मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली. त्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द द्यायला सांगितला, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डला या भीती-रागाशी जोडलेल्या भागाची खळबळ कमी झाली आणि विचार-नियंत्रणाशी जोडलेला पुढचा भाग अधिक कामाला लागला. म्हणजे भावनेला नेमकं नाव देणं हीच तिला आवरण्याची पहिली पायरी आहे, आणि ते काम बुद्धीचं आहे. बुद्धी एका बाजूला आणि भावना दुसऱ्या बाजूला, अशी तराजूची कल्पना मला म्हणूनच पटत नाही.

आपली भाषा तर या बाबतीत किती श्रीमंत! हिरमोड, खंत, चीड, वैताग, उद्वेग, घुसमट, संकोच, हुरहूर, रुखरुख, धास्ती, मत्सर, असूया, रुसवा. प्रत्येक शब्दाचा उपाय वेगळा आहे. हिरमोड झाला असेल तर कुणीतरी ऐकून घेतलं की पुरतं. रुखरुख असेल तर राहिलेलं काम उरकावं लागतं. घुसमट होत असेल तर कुठेतरी स्पष्ट ‘नाही’ म्हणायचं बाकी असतं. असूया वाटत असेल तर मला नेमकं काय हवंय ते कळतं, जे एरवी मी स्वतःशीही कबूल केलं नसतं. आपण मात्र ऑफिसात, घरी, डॉक्टरांकडेसुद्धा एकच शब्द नेतो: टेन्शन. ‘ताप आहे’ एवढंच सांगून औषध मागावं, तसं हे झालं.

मी याचा सराव गाडीत करते. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून ऐरोलीला जाताना मध्ये आता एकच थांबा, दिघा गाव. तेवढ्या वेळात कालपासून मनात जे खुपतंय त्याला एक शब्द शोधायचा. पहिला शब्द बहुतेक वेळा ‘राग’ येतो आणि बहुतेक वेळा चुकीचा असतो. एकदा एका बैठकीवरून मी दोन दिवस धुमसत होते. शब्द सापडला तो ‘अवहेलना’. कुणी मुद्दा खोडला याचं दुःख नव्हतंच. मी बोलत असताना समोरचा फोनमध्ये पाहत होता, ते लागलं होतं. मग त्या माणसाशी बोलणं सोपं झालं. दोन मिनिटांत संपलं.

या सरावात पुढे जायचं असेल तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत जरूर समजून घ्या. कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने ती सामान्य माणसांपर्यंत पोचवली. गाभा साधा आहे: घटनेमुळे थेट भावना येत नाही, मधे आपला विचार असतो. ‘त्याने माझं ऐकायलाच हवं होतं’ यातला ‘च’ तपासायचा.

मला दिसतं ते त्यालाही दिसतंय, असं वाटणं

हा प्रयोग घरी करून बघा. मनात एखादं सर्वांना ठाऊक असलेलं गाणं म्हणत टेबलावर फक्त बोटांनी त्याचा ठेका वाजवा आणि समोरच्याला गाणं ओळखायला सांगा. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्डला हे केलं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्म्या वेळा तरी ओळखतील. १२० पैकी फक्त ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल सुरू असते. ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते.

नव्या मुलाला काम समजावताना, सासूबाईंना फोनवरून पैसे पाठवायला शिकवताना आपण टकटकच करत असतो आणि वर “इतकं सोपं आहे” असं म्हणतो. ‘सोपं आहे’ हा शब्दप्रयोग मी माझ्या टीममध्ये बंद करायला लावला. ज्याला जमत नाहीये त्याला तो शब्द मठ्ठ ठरवतो, दुसरं काही करत नाही. त्याऐवजी समजावून झाल्यावर “कळलं का?” न विचारता “आता तू पहिली पायरी काय करशील?” असं विचारा. टकटक कुठे झाली ते लगेच कळतं.

भांडण टाइप करणं

याबद्दल थोडक्यात. ‘ओके.’, ‘बघते.’, ‘ठरल्याप्रमाणे करा.’ असल्या दोन शब्दांत लिहिणाऱ्याचा सूर पोचत नाही, वाचणारा आपला सूर लावतो. तिसऱ्या उत्तरालाही गुंता सुटला नाही तर फोन उचला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर दुसऱ्यालाच.

हुशारीच्या जोरावर माणसं टिकतील, हा भरवसा

आम्ही ऐरोलीत ज्या मशीनसमोर दिवस काढतो तिच्या मुळाशी ट्रान्झिस्टर हा वीजप्रवाह चालू-बंद करणारा इवलासा भाग आहे. त्याच्या शोधासाठी १९५६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतले एक विल्यम शॉकले. त्यांनी कॅलिफोर्नियात स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि देशभरातून हेरून एकाहून एक तरुण शास्त्रज्ञ आणले. माणसं निवडण्यात त्यांची नजर अचूक होती. पण ते सहकाऱ्यांवर संशय घेत, चारचौघांत त्यांना कमी लेखत. १९५७ मध्ये आठ जण एकदम सोडून गेले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी उभी केली. त्या आठांतल्या रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल सुरू केली. शॉकलेंची प्रयोगशाळा बाजारात टिकली नाही.

आपल्या टीममध्ये हे एवढ्या नाट्यमयतेने होत नाही. चांगली माणसं आधी प्रश्न विचारणं थांबवतात. मग चुका लपवायला लागतात. राजीनामा अगदी शेवटी येतो. बैठकीत अलीकडे कुणी तुमच्याशी असहमत होत नसेल, तर खूश होऊ नका.

उलटी चूक: गोड बोललं की झालं

‘यशात बुद्ध्यांक २० टक्के, भावनांक ८० टक्के’ हा निरोप तुम्हालाही आला असेल. मुलांच्या शिबिरांच्या जाहिरातीतही तो असतो. तो चुकीचा आहे. भावनांक म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेचं माप. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांनी भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना जगभर लोकप्रिय केली, तेव्हा त्यांचं म्हणणं असं होतं की यशाच्या कारणांत बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के असावा आणि उरलेलं बाकी सगळ्या गोष्टींचं, ज्यात घरची परिस्थिती आणि नशीबही आलं. तो ८० चा आकडा नंतर लोकांनी एकट्या भावनांकाच्या नावावर टाकला. कामाच्या गुणवत्तेचा अंदाज बांधताना बुद्धी हा आजही सर्वांत भरवशाच्या निकषांपैकी एक मानला जातो. ‘मुलगा अभ्यासात नाही, पण माणसं जोडतो’ म्हणून अभ्यास सोडू देणाऱ्या आईवडिलांना हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये हा विषय मांडला, तेव्हा त्याला मुद्दामच ‘बुद्धिमत्ता’ म्हटलं: भावना ओळखणं, समजणं, आवरणं आणि विचारात त्यांचा उपयोग करणं. गोड बोलणं त्यात कुठेच नाही. माझ्याकडे एक सहकारी होता, कुणालाही नाही म्हणत नसे. सगळ्यांचा लाडका. रिलीजच्या आदल्या रात्री कळलं की तीन जणांना त्याने तीन वेगळ्या तारखा कबूल केल्यात. त्याला समोरच्याचा चेहरा पडलेला बघवत नसे. अशा माणसाला ‘अजून भावनाशील हो’ हा सल्ला विषासारखा आहे. त्याने नकाराचं एक वाक्य पाठ करावं: “हे आज जमणार नाही, गुरुवारी देतो.” आणि ते म्हटल्यावर गप्प बसावं. स्पष्टीकरण देत बसलं की नकार विरघळतो.

एक गोष्ट मात्र वेगळी काढते. झोप उडाली आहे, कशातच रस वाटत नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं आठवड्यामागून आठवडे चाललं असेल तर तो कौशल्याचा प्रश्न नाही. तिथे सराव सांगणं क्रूरपणाचं आहे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

चूक होऊन गेली असेल तर

दोन वर्षांपूर्वी क्लायंटसमोरच्या कॉलवर माझ्या टीममधल्या एका मुलीने चुकीचा आकडा सांगितला आणि मी तिथल्या तिथे तिला दुरुस्त केलं. वर म्हणाले, “हे तर बेसिक आहे.” आकडा माझा बरोबर होता. त्यानंतर ती बैठकांत बोलेनाशी झाली, आणि ते माझ्या लक्षात यायला आठ दिवस लागले.

तिच्याकडे जाताना मी मनात वाक्य तयार केलं होतं, “सॉरी, पण क्लायंटसमोर आकडा चुकून चालत नाही ना.” जिन्यातच जाणवलं की त्या ‘पण’ने माफी खाऊन टाकली आहे. मग एवढंच म्हणाले, “त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुला तसं बोलायला नको होतं.” ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुम्ही बरोबर होतात, म्हणून तर मला घरीही कुणाला सांगता आलं नाही.”

माफी मागून सगळं एका दिवसात पूर्ववत होत नाही, त्याची घाईही करू नये. पुढच्या दोन बैठकांत ती गप्पच होती. तिसऱ्या बैठकीत मी वेळापत्रक मांडत होते, तेव्हा तिने मला मध्येच थांबवलं आणि म्हणाली, “टेस्टिंगला दिलेले चार दिवस पुरणार नाहीत. गणपतीच्या सुट्ट्या धरल्याच नाहीयेत.” धरल्या नव्हत्याच. मी सगळ्यांसमोर तारीख बदलली.