राणी नाण्यावरून कधी उतरली? मॉरिशसचं पान असं लावा

माझ्या नाण्यांच्या वहीत मॉरिशसचं पान आधी साफ चुकलं होतं. 1987 च्या एक रुपयावर एलिझाबेथ राणीऐवजी देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम दिसले आणि मी झोकात खाली लिहिलं, 'प्रजासत्ताकाचं पहिलं नाणं'. मित्राने विचारलं, "प्रजासत्ताक कधी झालं?" पुस्तक उघडलं तर 12 मार्च 1992. म्हणजे नाण्यावरून उतरल्यावरही पाच वर्षं देशाची राणी तीच!

तेव्हा नाणं क्षणभर बाजूला ठेवा. आधी दोन तारखा लिहा: 12 मार्च 1968 ला स्वातंत्र्य, 12 मार्च 1992 ला प्रजासत्ताक. दिवस एकच असल्यामुळे गोंधळ होतो, साल ठळक लिहा. मधली 24 वर्षं राणीच्या नावाने गव्हर्नर-जनरल बसत होते.

मग बदल कोणत्या वाटेने झाला ते शोधा. खरी गंमत इथे आहे. घटनादुरुस्तीला संसदेत तीन-चतुर्थांश मतं लागत. 1990 मध्ये ती जमली नाहीत. 1991 च्या निवडणुकीत पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या आघाडीने 62 पैकी 57 जागा जिंकल्या आणि डिसेंबरमध्ये दुरुस्ती झाली. जनतेला वेगळं विचारलं नाही. आफ्रिकेतल्या गांबियात मात्र प्रजासत्ताक व्हायचं का, हे जनतेला विचारलं होतं: 1965 च्या सार्वमतात दोन-तृतीयांश मतं थोडक्यात हुकली, 1970 मध्ये मिळाली. दोन्ही देश एकाच पानावर कोंबू नका.

त्यानंतर खुर्ची बघा. शेवटचे गव्हर्नर-जनरल सर वीरासामी रिंगाडू हेच पहिले राष्ट्रपती झाले. माणूस तोच, पाटी नवी. जून संपता संपता कासम उतीम आले. राष्ट्रपती संसद निवडते, कारभार पंतप्रधानांकडेच राहिला. जगन्नाथ आधीही पंतप्रधान, नंतरही.

घानाचं पान लावत असाल तर सत्तेच्या या प्रश्नाचं उत्तर उलटं येतं. तिथेही 1958 च्या नाण्यांवर तेव्हाचे पंतप्रधान क्वामे न्क्रुमा आहेत आणि प्रजासत्ताक 1 जुलै 1960 चं. पण तिथे पंतप्रधानच राष्ट्रपती झाले आणि सत्ता त्या खुर्चीत गेली. नाण्यांची चूक सारखीच, बदल मात्र फार वेगळा. म्हणून चिठ्ठीवर 'राणी गेली' एवढं लिहून भागत नाही. 'सत्ता कुणाकडे' ही ओळ हवीच.

माझ्या 1987 च्या रुपयाखाली आता लिहिलंय: 'राज्यप्रमुख राणी, चेहरा रामगुलाम यांचा'. शेजारी 1992 नंतरचं नाणं, त्यावरही रामगुलामच. आणि मॉरिशसचं अखेरचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या न्यायमंडळाकडे जातं. त्याचं काही नाणं नसतं, म्हणून त्या पानावर एक कप्पा रिकामा ठेवलाय.