हॉस्पिटलात पीआरओ म्हणून लागलात? मग आधी बाकड्यावर बसा

राजारामपुरीतल्या चाळीस खाटांच्या हॉस्पिटलात मी अकरा वर्षं पीआरओ, म्हणजे जनसंपर्क अधिकारी आहे. नवीन पोरं आली की पहिला प्रश्न ठरलेला, "फ्लेक्स कुठं मारायचा?" कोल्हापुरात वाढदिवसांच्या फ्लेक्समधून सिग्नल दिसत नाही, तिथं तुमचा डॉक्टर कुणाला दिसणार?

मीही पहिल्या वर्षी मारला होता. 'मधुमेहापासून कायमची मुक्ती', खाली आमच्या डॉक्टर सरांचा हसरा फोटो. सर भडकले, "आत्ता उतरव. मला आत घालतोस काय?" मधुमेह, कॅन्सर असल्या आजारांवर हमखास इलाजाची जाहिरात १९५४ च्या कायद्यानं बंद आहे, हे मला तेव्हा कळलं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणं डॉक्टरनं पेशंट ओढायला जाहिरात करायची नाही. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, रजेवरून परत आलो, फी अमुक, एवढं साधं निवेदन चालतं. तो फ्लेक्स वॉचमन मामांनी गोठ्यावर टाकला. सर बरीच वर्षं पावसात हसत होते.

खरं काम आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर. गारगोटीकडचा पेशंट आला की मागनं गाडीभर माणसं येतात आणि प्रत्येकाला वेगळं काहीतरी कळलेलं असतं. त्यातला एकच माणूस धरा, बहुतेक मेव्हणा असतो. त्याचा नंबर घ्या. सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहा, दोनदा त्याच्याशी बोला. कागदावर मराठीत लिहून द्या: आजअखेर इतके झाले, उद्या अंदाजे इतके लागतील. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर होणारी बहुतेक भांडणं बिल मोठं म्हणून नसतात, बिल अचानक कळलं म्हणून असतात. तब्येतीचं मात्र तुम्ही बोलायचं नाही. "काही होत नाही, पावणं" हे तर अजिबात नाही. ते डॉक्टरच सांगतील. तुम्ही डॉक्टरांना बाहेर आणा आणि नातेवाइकांना बसायला जागा करा.

ॲडमिट करतानाच रेशनकार्ड विचारा. सरकारी मोफत उपचाराची महात्मा फुले योजना तुमच्याकडं नसेल तर तसं तोंडावर सांगा आणि सीपीआरची, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याची वाट दाखवा. पेशंट गेला म्हणून मालक कुरकुरतील. कुरकुरू देत.

पेशंट पाठवला म्हणून गावातल्या डॉक्टरांना कट द्यायचा नाही, नियमातही बसत नाही. त्यांना हवा असतो फोन. त्यांचा पेशंट घरी पोचायच्या आत डिस्चार्ज समरी त्यांच्या मोबाईलवर गेली पाहिजे. औषध काय बदललं ते पेशंटकडनं कळलं, तर त्यांचं गावात हसं होतं.

शिबिर घ्यायचं तर रोपलावणीत नको, माणूस चिखलात असतो. दिवाळीनंतर घ्या आणि सांगावा दूध संस्थेत द्या. सकाळी दूध घालायला अख्खं गाव येतं. बीपी, शुगर तपासा, आकडा कार्डावर लिहून हातात द्या. ज्यांना गरज नाही त्यांना "पुढच्या तपासणीला या" म्हणू नका.

गुगलवर कुणी शिव्या घातल्या तर उत्तरात आजाराचं, बिलाचं अक्षर नको. आमचा नंबर, भेटायची वेळ, बास.

आणि फ्लेक्सचे पैसे वाचतील, त्यातनं बाकड्याजवळ चार्जिंगचे पॉइंट काढून घ्या. दोन नको, सहा. रात्री दोनला गावाकडं फोन लावायचा असतो आणि मोबाईल मेलेला असतो.