मुरूडचा जंजिरा: होडीच्या वेळेत किल्ला कसा पाहावा

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. जंजिऱ्याला ते जमत नाही, इथे बेटाभोवती कायम पाणी असतं. जायचं होडीने आणि यायचंही त्याच होडीने. किल्ल्यावर मिळतो तो साधारण पाऊण तास. एवढ्यात २२ एकरांचा किल्ला पाहायचा, तर आखणी किनाऱ्यावरच करून निघायला हवं.

होड्या मुख्यतः राजपुरीच्या धक्क्यावरून सुटतात. मुरूड गावापासून हे अंतर चार-पाच किलोमीटर आहे. श्रीवर्धन-दिवेआगरकडून येणाऱ्यांना दिघीहूनही होडी मिळते, किंवा गाडीसकट दिघी ते आगरदांडा जंगलजेट्टीने खाडी ओलांडून राजपुरीला येता येतं. मुंबईहून गाडी न्यायची नसेल तर गेटवेहून मांडवा, तिथून अलिबाग आणि पुढे रेवदंडा-काशीदमार्गे मुरूडची एसटी. पावसाळ्यात होड्या बंद असतात, त्यामुळे जून ते ऑगस्ट इथला बेतच करू नका. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी फेऱ्या थांबतात, म्हणून त्या दिवशी सकाळीच उरका.

आता भरती-ओहोटीचं गणित. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथेही चालतो. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती, त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस ठरवायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरचे दोन दिवस उधाण असतं आणि भरती नेमकी भर दुपारी येते. त्याच सुमारास समुद्रावरून खारा वारा जोर धरतो. चढलेलं पाणी आणि वाऱ्याच्या लाटा एकाच वेळी दरवाजाच्या पायऱ्यांवर आदळतात, म्हणून उधाणाच्या दिवशी दुपारी उतरणं सर्वांत कठीण. अष्टमीपासून दोन-तीन दिवस भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी. या दिवसांत सकाळची पहिली-दुसरी होडी गाठलीत तर समुद्र शांत मिळतो आणि गर्दीही विरळ असते.

खरी कसोटी होडीतून पायरीवर उतरताना लागते. होडी लाटेबरोबर वर-खाली होते. ती वर आली की पाऊल टाका, खाली जात असताना कधीही नाही, कारण त्या क्षणी होडी आणि पायरी यांच्यात फट पडते आणि पाय तिथेच अडकतो. होडीच्या काठावर हात ठेवू नका, दगडावर बोटं चेचली जातात. पिशवी पाठीला आणि फोन खिशात ठेवून दोन्ही हात मोकळे राहू द्या. आधी उतरलेल्याने मागच्याला ओढू नये, होडीवाल्याचाच हात धरावा. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांवर शेवाळ असतं आणि कालवांची धारदार कवचंही, त्यामुळे अनवाणी किंवा गुळगुळीत तळव्याच्या चपलेने उतरू नका. लाइफ जॅकेट मागून घ्या. पाणी सोबत ठेवा. होडीचं नाव किंवा क्रमांक नीट पाहून ठेवा.

किल्ल्याजवळ जाताना दरवाजा शोधून पाहा. होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या बुरुजांनी त्याला पोटात घेतलंय. तोंड पूर्वेला, राजपुरीकडे. कमानीजवळच्या भिंतीवर हत्तींना पंजात आणि शेपटीत धरलेल्या शरभाचं, म्हणजे सिंहासारख्या कल्पित प्राण्याचं, शिल्प आहे. ते परततानाच पाहा, कारण जाताना इथे सगळे थांबतात आणि वेळेची पहिली गळती इथेच होते.

आत शिरल्यावर पीरपंचायतन हे पिरांचं स्थान ओलांडून सुरुलखानाच्या वाड्याकडे चला. सुरुलखान हा जंजिऱ्याच्या सत्ताधारी सिद्दींपैकी एक. वाडा पडका आहे, पण उभ्या भिंतींवरून त्याचे मजले मोजता येतात. त्याच्याजवळच्या तलावाशी दोन मिनिटं तरी थांबा. खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचे दोन तलाव असल्यामुळेच इथली शिबंदी महिनोन् महिने वेढ्यात टिकली. हा किल्ला का पडला नाही, याचं उत्तर तोफांइतकंच या पाण्यात आहे. तिथून पायऱ्यांनी बालेकिल्ल्यावर चढा. वर वायव्येला समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांनी तो सिद्दीला शह देण्यासाठी उभारला. दोन किल्ल्यांमधलं अंतर डोळ्यांनी पाहिलं की तो डाव लगेच कळतो. पूर्वेला राजपुरीपर्यंतची खाडी न्याहाळा. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी याच पाण्यात भराव टाकून सेतू बांधायचा प्रयत्न केला होता.

बालेकिल्ल्यावरून उतरून पश्चिमेचा दर्या दरवाजा पाहा. मुख्य दरवाजा पडलाच, तर समुद्राकडून निसटण्याची ही वाट. मग तटावरून परत फिरा. तटाला आतून कठडा नाही आणि काही ठिकाणी दगड निखळलेत, म्हणून मुलांचा हात सोडू नका. शेवटी मुख्य दरवाजाजवळच्या बुरुजावरची कलालबांगडी तोफ. चावरी आणि लांडा कासम या दोन मोठ्या तोफांची नावंही ऐकायला मिळतील. किल्ल्यातून समुद्राखालून भुयार जातं ही सांगोवांगीची गोष्ट मात्र हसून ऐका आणि चालू लागा, भुयार शोधण्यात पाऊण तासातली दहा मिनिटं घालवू नका.

राजपुरीला परतल्यावर वेळ असेल तर आगरदांड्याच्या वाटेवरचे खोकरीचे घुमट जरूर पाहा. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या या दगडी कबरी आहेत. त्यातला सर्वांत मोठा घुमट सुरुलखानाचा, ज्याचा पडका वाडा तुम्ही किल्ल्यात पाहून आलात. इथे होडीची घाई नाही, नक्षी सावकाश पाहता येते.